अर्धं दूध, अर्धं पाणी

माझ्या सुनेला अंगावर दूध येत नाही, ही बातमी तिच्या वडिलांना कळायच्या आधी आमच्या सगळ्या लेआउटला कळली होती. कळवणारी मीच. हुडकेश्वरला आमच्या ओळीत सात घरं, आणि बाळ बघायला बाकीच्या सहाही घरांतून बायका आल्या. चहा गाळता गाळता मी सांगायचे, "पोरगी गोड आहे वं, पण हिले दूधच नाही येऊन राहिलं." सून आतल्या खोलीत पलंगावर असायची. मधलं दार उघडं असायचं. ते मी मुद्दाम उघडं ठेवत होते असं नाही, पण लोटूनही घेत नव्हते.

तिला आई नव्हती. वडील एकटे, स्वतःचंच कसंबसं रांधून खाणारे. म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते आमच्याकडे झालं, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात, सिझेरियन करून. ज्या मुलीला आई नाही तिला काहीही बोललं तरी जाब विचारायला कुणी येणार नाही, हे कुणी न शिकवता समजतं. मलाही समजलं होतं.

मी महाल भागातल्या एका मुलींच्या शाळेत तीस वर्षं गृहशास्त्र शिकवलं. 'शिशूचा आहार' हा धडा मला तोंडपाठ होता. आईचं दूध नसेल तर गाईचं. सहा महिन्यांपर्यंत अर्धं दूध, अर्धं पाणी, उकळून, चिमूटभर साखर. परीक्षेला हा प्रश्न हमखास यायचा आणि पाच मार्कांचा असायचा. माझा मुलगाही त्याच हिशेबाने वाढला. तो तेव्हा दोन वर्षांपासून सरकारी कचेरीत चिकटला होता, त्याचे बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि घरात कुणाला कशाबद्दल शंका आली की मला विचारायची पद्धत होती. सून येईपर्यंत तरी होती.

दूध वाढावं म्हणून मी काही कमी केलं नाही. अळिवाची खीर, मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, शतावरी. ती नाक दाबून खायची आणि कधी कधी ओकायची. ती बाळाला छातीशी घ्यायची तेव्हा मी समोर खुर्ची टाकून बसायचे, परीक्षेच्या हॉलमध्ये बसायचे तशी. ती पदर ओढायची, मी म्हणायचे, "माझ्यापासून काय लपवून राहिली? बाळाचं तोंड दिसू दे." बाळ चोखायचं, सोडायचं, रडायचं. सुनेच्या कपाळावर घाम यायचा. पंखा माझ्या बाजूला असायचा.

मग मुलाने दूध काढायचं यंत्र आणलं. एका दुपारी समोरच्या घरातली बाई आली होती आणि टेबलावर त्या यंत्राची बाटली होती. मी ती उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "पाहा बाप्पा, अर्ध्या तासाची कमाई! डोळ्यात टाकाच्या औषधाएवढी." समोरची हसली आणि मध्येच थांबली, कारण सून दारात उभी होती. ती आली, माझ्या हातातून बाटली घेतली आणि आत जाऊन चमच्याने तेवढं दूध बाळाला पाजलं. त्या दिवसापासून ती यंत्र घेऊन बसली की आतून कडी लावायची. मला तिचा रागच आला. माझ्याच घरात मला कडी.

महिना झाला, बाळाचं वजन हवं तसं वाढेना. डॉक्टर म्हणाले, अंगावर पाजत राहा, पण जोडीला डब्याचं दूध सुरू करा. मग आमच्याकडे डबा निवडायचं नाटक झालं. मुलगा औषधाच्या दुकानात गेला, तिथे भिंतभर डबे, तो बावचळला आणि ज्या डब्यावरचं चित्र जास्त गुटगुटीत तो घेऊन आला. तो निघाला दोन नंबरचा, सहा महिन्यांच्या पुढचा. सुनेने तो परत पाठवला आणि एक नंबरचा आणवला. मी म्हणत होते, या भानगडीच नकोत, आपल्या गवळ्याकडे एकाच गाईचं दूध मिळतं. मी ते डॉक्टरांनाही सांगितलं. ते माझ्या मुलाहून लहान. म्हणाले, "आजी, वर्ष होईपर्यंत गाईचं दूध नको. तिच्या पोटाला ते झेपणार नाही, रक्तही कमी होईल. डब्यावर लिहिलंय तसंच करा. तीस मिली पाण्याला एक सपाट चमचा. कमी नाही, जास्त नाही."

मी मान हलवली. ऑटोत बसल्यावर मुलाला म्हणाले, "तुह्या वेळी कुठं होते गा हे डबे? तरी वाढलाच न ताडासारखा." तो हसला. सून बाळाकडे बघत होती. घरी आल्यावर तिने एका कागदावर किती पाण्याला किती चमचे ते लिहून फ्रिजला चिकटवलं. तो कागद मी वाचला नाही. ज्या बाईने तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, तिने स्वयंपाकघरात सुनेचा कागद वाचायचा?

बाळ साडेचार महिन्यांचं झालं आणि सुनेची रजा संपली. बाळंतपणाआधी तिला दोन महिने झोपून राहावं लागलं होतं, त्यात रजेचा मोठा भाग गेला. ती एका खाजगी कंपनीत होती. सकाळी नऊला जायची, संध्याकाळी सहाला यायची. दिवसभराचं दूध माझ्याकडे आलं. जाताना तिने मला सगळं पुन्हा सांगितलं, पाणी उकळून कोमट करा, चमचा सुरीने सपाट करा. मी म्हटलं, "हो मॅडम."

पहिल्या दिवशी मी डब्यावरच्या मापाने दूध केलं. ते मला दाट वाटलं. उन्हाळा लागला होता, आपल्यालाच घोटभर ताकाशिवाय काही नको वाटत होतं, आणि एवढ्याशा जिवाला हे असलं दाट? दुसऱ्या दिवशी मी मापाने केलेलं दूध स्टीलच्या भांड्यात ओतलं, त्यातलं अर्धं बाटलीत घेतलं आणि उरलेल्या जागेत तेवढंच उकळलेलं पाणी घातलं. राहिलेलं अर्धं फ्रिजमध्ये ठेवलं, पुढच्या खेपेला. अर्धं दूध, अर्धं पाणी. माझ्या हाताला ते बरोबर वाटलं.

सुनेला मी सांगितलं नाही. लपवायचं होतं म्हणून नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आले. पण लपवलंच होतं. सांगितलं असतं तर तिने तो फ्रिजवरचा कागद दाखवला असता.

बाळ बाटली संपवायचं. लंगोट भरपूर ओले करायचं. पहिले काही दिवस किरकिरलं, मग किरकिर कमी होत गेली आणि ते पडून राहू लागलं, पंख्याकडे बघत. मी शेजारणींना सांगायचे, माझ्याजवळ किती गुणाची राहते. संध्याकाळी सून घरात पाऊल टाकायची आणि तिचा वास आला की पोरगी रडायला लागायची. सुनेने केलेली बाटली ती अशी ओढायची की ठसका लागायचा. मी म्हणायचे, "दिवसभर हूं नाही का चूं नाही. तू आली का सुरू. लेकराले बी माणूस समजते वं."

हे मी रोज म्हणत होते. सून खांद्यावरची पर्स न काढता तशीच उभी राहायची, तोंड पडलेलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं. सून आल्यापासून पहिल्यांदा घरात कुणीतरी मला तिच्यापेक्षा जास्त पसंत केलं होतं, आणि ते कुणीतरी पाच महिन्यांचं होतं.

पुढच्या वेळी वजन केलं तर कार्डावरची वर चढणारी रेघ आडवी झाली होती. डॉक्टरांनी दूध किती, कितीदा, सगळं विचारलं. सुनेने तोंडपाठ सांगितलं, मीही हो म्हटलं, कारण बाटल्या तेवढ्याच जात होत्या. बाहेर बाकावर इतर बाया आपापली पोरं घेऊन बसल्या होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "आईचं दूध भेटलं असतं तं ही पाळीच नसती आली." सुनेने बाळाचं टोपडं नीट केलं. ते नीटच होतं.

त्यानंतर आठवड्याने, भर दुपारी, माझ्या मांडीवर तिला झटका आला. तोंडात बाटली होती. डोळे एका बाजूला लागले, हात लटलट उडायला लागला, ओठ निळे झाले. मी ओरडले. समोरची बाई धावत आली, तिच्याच गाडीतून आम्ही रामदासपेठ गाठली. मुलगा आणि सून तिकडेच पोचले. पोरीला काचेच्या खोलीत नेलं, रक्त काढलं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "तिच्या अंगातलं मीठ फार उतरलंय. पोटात नुसतं पाणी जास्त गेलं की असं होतं. डब्याचं दूध बाळाला झेपेल असं आधीच केलेलं असतं, त्यात आणखी पाणी घातलं तर तिच्या वाट्याला काही उरत नाही. घरी दूध कोण करतं?"

मला त्याच क्षणी सगळं समजलं. ती गुणाची नव्हती. तिच्यात रडायचं त्राण नव्हतं.

मुलगा म्हणाला, "दोघी करतात." सून म्हणाली, "मी मापानंच करते." आणि माझ्याकडे वळून, अगदी साध्या विश्वासाने, "आईसुद्धा." मी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी पोरगी धोक्याबाहेर आली. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. टेबलावर डबा, बाटल्या, उकळलेलं पाणी. म्हणाले, "कुणावर आरोप नाही. प्रत्येकीने माझ्यासमोर एकेक बाटली करून दाखवा." प्रात्यक्षिक परीक्षा! उभं आयुष्य मी त्याच घेतल्या होत्या. सून आधी उठली. तीन दिवस ती धड जेवली नव्हती, केसांना फणी नव्हती. एक चमचा शिगोशीग गेला, एक सांडला, मग ती थांबली आणि पुटपुटली, "तीन झाले का चार?" तिने डबा खाली ठेवला आणि ओंजळीत तोंड घातलं.

मग मी. पाणी डोळ्यांच्या पातळीवर धरून मोजलं. चमचा सुरीच्या पाठीने सपाट केला. एक, दोन, तीन, चार, मोठ्याने. झाकण लावलं, हलवलं, मनगटावर थेंब टाकून बघितला. डॉक्टर म्हणाले, "आजींचं अगदी बरोबर आहे."

पैकीच्या पैकी. मी खुर्चीवर बसले. मला वाटलं होतं की लाज वाटेल. आधी वाटली ती सुटका.

बाहेरच्या पॅसेजमध्ये मुलगा बायकोवर खेकसला, "एवढं शिकून तुले चार चमचे मोजता येत नाही? पोरीचा जीव घेतला असता!" दोन नर्स वळून बघायला लागल्या. मी त्याच्या दंडाला हात लावला आणि म्हणाले, "जाऊ दे गा. तिच्या डोक्यात ऑफिस असते." तिला सोडवल्यासारखं दिसावं आणि दोष तिच्याच गळ्यात राहावा, असं ते वाक्य होतं. मी ते विचार करून बोलले नव्हते. मला ते आपोआप यायचं.

मी केलेली बाटली सुनेच्या हातात होती, पोरीला पाजायला दिलेली. तिने ती खिडकीच्या उजेडात धरली आणि तिरकी केली. दूध काचेवरून सावकाश उतरलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग आत गेली.

आठवड्याभरात तिने नोकरीचा राजीनामा दिला. मुलाने एका शब्दाने अडवलं नाही.

त्यानंतर एका सकाळी मी ओट्याशी भाजी निवडत होते. मुलगा कचेरीत गेला होता. सून बाटल्या धूत होती. माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "आई, दवाखान्यातली तुमची बाटली दाट होती."

"मग? मापाचीच होती."

"हो न. मी रोज संध्याकाळी तुमच्या बाटल्या धुवत होती. तळाशी उरलेलं निळसर राहाचं, पाण्यासारखं. मले वाटे, तळाचं तसंच दिसत असन." नळ बंद करून ती वळली. "विचाराचं मनात आलं होतं. पण तुम्ही तं हेच शिकवत होत्या, तुमाले काय विचारू? तेवढी चूक माही आहे."

मी म्हणाले, "काय म्हणून राहिली तू? काहून माह्यावर घेऊन राहिली?" माझा आवाज चढला होता. तिचा चढला नाही.

"यायले मी नाही सांगणार. तुमचा पोरगा आहे, तुम्हीच सांगा. ज्या दिवशी सांगसान, त्या दिवसापासून पोरीले तुमच्या हातानं भरवा. तोपर्यंत मांडीवर घ्या, खेळवा, झोपवा. पण तिच्या तोंडात काही घालाचं नाही. पाणी बी नाही."

मला वाटलं, राग आहे, आठ दिवसांत उतरेल. मी वाट बघितली. तो रागच नव्हता.

सातव्या महिन्यात उष्टावण केलं. पायस, चांदीची वाटी, चमचा, ओळीतल्या त्याच सगळ्या बाया. समोरची म्हणाली, "पहिला घास आजीले देऊ द्या न. हिच्याच हाताखाली वाढली पोरगी." मुलाने चमचा माझ्याकडे केला, "घे आई." सून पाटाजवळ उभी होती, माझ्याकडे बघत. तिने नाही म्हटलं नाही. ती थांबली होती. मी म्हणाले, "बापाच्या हातानंच चांगलं." बाया म्हणाल्या, किती मोठं मन. त्या दिवशी मला पायस गिळवलं नाही.

आता नात साडेतीन वर्षांची झाली आहे. तब्येतीने चांगली आहे, बोलायला माझ्यावर गेली आहे. नवराबायकोत कशावरूनही वाजलं, भाजीत मीठ कमी पडलं तरी, मुलगा शेवटी तिथेच येतो. "तू तं बोलूच नको. पोरीले पाणी पाजून माराले निघाली होती." पोरीसमोरही म्हणतो. सून पोळ्या लाटत राहते. मी टीव्हीचा आवाज वाढवते. एकदा तो ऑफिसातल्या मित्रांसमोर हसत हसत हेच म्हणाला, आणि मित्रही हसले. मी चिवड्याच्या प्लेटा भरत होते. त्यातल्या एकीत जास्त पडला, तो काढून दुसरीत घातला.

हे मी वहीत लिहिते आहे, कारण इथे ते सुरक्षित आहे. मुलगा मोबाइलपलीकडे काही वाचत नाही, आणि माझं अक्षर त्याला कधीच लागलं नाही. सांगायचं वाक्य मी किती वेळा जुळवलं आहे. चार शब्दांचं आहे. पाणी मी घालत होते. जुळवताना दर वेळी मला त्याचा चेहरा दिसतो, आणि नंतरच्या त्याच्या भांडणांत ते "पाणी पाजून" माझ्या वाट्याला आलेलं ऐकू येतं. ते वाक्य ती तीन वर्षं ऐकते आहे. मला एक दिवसही ऐकायचं नाही. इतकी साधी गोष्ट आहे.

परवा रविवार होता. ऊन मी म्हणत होतं. माझी खुर्ची हॉलमध्ये माठाशेजारी असते. मुलगा दिवाणावर आडवा पडला होता. नात पोर्चमधून आली, तोंड लाललाल, केस कपाळाला चिकटलेले. माझ्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "आजी, पाणी."

माठ उंच तिवईवर आहे. तिचा हात तिथे पोचत नाही. माझा बसल्या जागी पोचतो.

"आई, दे न तिले," मुलगा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला. "तुह्या हाताशीच तं आहे माठ."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. सून दारात आली, हाताला पीठ. तिने माझ्याकडे बघितलं. दर वेळी अशीच येते आणि उभी राहते. घाई करत नाही. कधी कधी मला वाटतं, या घरात माझ्याकडून अजून काही अपेक्षा असलेली ती एकटीच आहे.

मी तोंड उघडलं. मुलाने वर बघितलं.

"गुडघा दुखून राहिला गा माहा," मी म्हणाले. "आईले माग वं बाई पाणी."

सून हात पुसून आली. माठातून पेला भरला, खाली बसली आणि नातीच्या ओठांना लावला. पोरगी घटाघट प्यायली आणि पुन्हा उन्हात पळाली. सुनेने पेला विसळला, परत भरला आणि माझ्यासमोर धरला.

"घ्या आई."

मी तो घेतला आणि सगळं पाणी प्यायले.